नाव घातलेले वाडगे

कुंभकोणमच्या बसस्टँडबाहेर, चहाच्या टपरीला लागून, एक पितळी वाडगा ठेवलेला असतो. त्यात बारा महिने पाणी असतं आणि दुपारच्या वेळी त्या पाण्यात आभाळाचा एक लहानसा तुकडा पडलेला असतो. कावळा येतो, चोच बुडवतो, आभाळ हलवून उडून जातो. जरा वेळाने आभाळ पुन्हा जागच्या जागी. वाडग्याच्या काठावर देवनागरीत, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे: कृ. तुळजा. टपरीवर चहा पिणाऱ्यांपैकी कुणालाच ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण वाडग्याला कुणी पाय लागू देत नाही.

असे वाडगे त्या गावात आणखीही आहेत. मला गाव सोडून बरेच दिवस झाले, तरी दुपारी डोळा लागला की ते मला दिसतात. काठोकाठ भरलेले, उन्हात चमकणारे, आणि त्यांच्यामधून वेष्टीचा, म्हणजे तिकडच्या धोतराचा, सोगा सावरत, मुठीत चिंचेचा गोळा घेऊन चाललेले राव मामा. स्वप्नातसुद्धा त्यांना कसली घाई नसते.

राव मामा म्हणजे कृष्णाजी राव. मी जवळच्या आडुतुरैला भाताच्या वाणांवर काम करायला गेले तेव्हा तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून कुंभकोणमला त्यांच्या माडीवर भाड्याने येऊन पडले. भांड्यांच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. समया, तांबे, घागरी, लग्नाच्या जेवणावळीची मोठाली पातेली. गल्ली त्यांना ‘रायर’ म्हणे. मराठ्यांचं राज्य तंजावरला गेलं तेव्हा त्यांचे पूर्वज त्याच्यामागून गेले आणि तिथलेच होऊन राहिले. राज्य गेलं, भाषा तेवढी घरात राहिली. पहिल्या दिवशी मी सामान माडीवर चढवत होते तर ते खालून म्हणाले, “मज वाटलें कोणी मोठी बाई असेल. तूं तर पोर गे! बैस, आधीं काफी घे. सामान कोठें जात नाहीं.”

मी साताऱ्याची. हे असलं मराठी मी आमच्या दप्तरखान्यातल्या जुन्या कागदांत वाचलं होतं. ते कॉफीचा डबरा, तिकडची ती खोलगट पितळी वाटी, हातात घेऊन माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं. माझ्या मराठीबद्दल त्यांचंही फार बरं मत नव्हतं. “तुझें बोलणें वर्तमानपत्रासारखें,” ते म्हणाले. “आणि त्यांत अर्धें इंग्रेजी.”

त्यांची पत्नी गोदाबाई मी येण्याआधीच वारली होती. मुलगी चेन्नईला. फोनवर ती मराठीत सुरुवात करी आणि दुसऱ्या वाक्याला तमिळवर जाई, आणि नातवंडांना तर मराठी एवढंच ठाऊक की आजोबा काहीतरी बोलतात. तरी सकाळपासून खालच्या मजल्यावरून मराठीचा अखंड झरा वाहत असे. “उठलीस काय?” “हें काय, दूध टाकलेंस?” “बाहेर ऊन फार आहे गे, जाऊं नको.” मला वाटलं कुणीतरी नातेवाईक बाई राहायला आली असावी. दोन दिवसांनी जिन्याच्या तळाशी ती बाई भेटली. तिला एकच डोळा होता, कान फाटका होता आणि ती शेपटीने जिना झाडत होती.

ही यमुना. यमू.

मी कुत्र्यांना भिणारी. लहानपणी चावा खाल्लेला, त्यामुळे कुत्रं दिसलं की मी रस्त्याची दुसरी बाजू धरणार. राव मामांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, “ती तुज कांहीं करणार नाहीं. तिनें तुझ्यापेक्षां पुष्कळ भोगलें आहे.” यमूने एका डोळ्याने मला बघितलं, माझ्यात विशेष काही नाही असं ठरवलं आणि आत निघून गेली.

हळूहळू त्या घराचा कायदा माझ्या लक्षात आला. घराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा नियम तंजावरकडच्या सगळ्याच मराठी घरांचा. राव मामांनी तो कुत्र्यांनाही लावला होता. रस्त्यावर दुखलंखुपलेलं कुत्रं दिसलं की ते त्याच्याशी तमिळच बोलत. दारापुढच्या ओट्यावर, तिकडच्या भाषेत तिण्णैवर, त्याला खाऊ घालत, औषध लावत, तेही तमिळमध्ये. बरं होऊन ते आपल्या वाटेने गेलं तर गेलं. पण एखादं जातच नसे. ते एक दिवस आपणहून उंबरा ओलांडून आत येई. त्या क्षणापासून त्याच्याशी मराठी. आणि मराठी सुरू झाली की दुकानातून एक पितळी वाडगा येई, आणि त्यावर नाव पडे.

भांड्यावर नाव घालणं हा त्यांचा रोजचाच धंदा. गिऱ्हाइकांची नावं यंत्राने, तमिळमध्ये, भराभर. कुत्र्यांची मात्र स्वतःच्या हाताने, छोट्या छिन्नीने आणि हातोडीने, टकटक करत, देवनागरीत. त्या मुलखात आडनाव नसतं. नावापुढे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात. म्हणून वाडग्यावर आधी ‘कृ.’ आणि मग नाव. कृ. पेंद्या. कृ. तुळजा. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्या खेपेला हसून विचारलं म्हणे, हे अक्षर कसलं? राव मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“रस्त्यावरचें म्हणून काय झालें?” ते मला म्हणाले. “नांवापुढें अक्षर नको काय? बाप नसलेलें कोण असतें गे?”

मी तिथे राहायला गेले तेव्हा यमूच्या आधीची तिघं मरून गेलेली होती. तरी मला ती चांगली ओळखीची आहेत, कारण रविवारी सकाळी राव मामा चिंच घेऊन निघत आणि एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. मेलेल्याचा वाडगा ते दुसऱ्याला देत नसत. मोडीतही घालत नसत. ज्या जागी ते कुत्रं सापडलं, त्या जागी त्याचा वाडगा पाण्याने भरून ठेवत. रोज पाणी घालायला आसपासचं कुणीतरी असे. रविवारी ते स्वतः जात, वाडगा चिंचेने घासून लख्ख करत, आणि घासता घासता बोलत. कावेरीवरून येणारं धुकं अजून गल्लीत रेंगाळत असे, कुठेतरी नादस्वराचा रियाज चाललेला असे, आणि या माणसाच्या बोलण्यातून एकेक कुत्रं उठून, अंग झटकून आमच्याबरोबर चालू लागे. मला भीती वाटली नाही. मेलेल्या कुत्र्यांना मी भीत नव्हते, एवढं तरी त्या दिवशी कळलं.

पहिला पेंद्या. बाजाराच्या कोपऱ्यावर हातगाडीखाली पाय सापडून लंगडा झालेला. “मी कृष्णाजी,” राव मामा वाडगा घासत म्हणाले, “मग लंगडा सवंगडी पेंद्याच कीं!” हा पेंद्या दुकानात मोठ्या पातेल्यांत झोपे. लग्नसराईत एकदा एका कार्यालयातून पातेली न्यायला गाडी आली, आणि हमालांनी घाईघाईत झाकणासकट पातेलं उचलून नेलं. तिकडे आचाऱ्याने झाकण काढलं तर आतून पेंद्या जांभई देत उभा. आचारी पळाला, नवऱ्या मुलाची आत्या किंचाळली, आणि पेंद्या तीन पायांवर शांतपणे मांडवातून फिरून, पानं बघून, घरी चालत आला. पातेलं परत आलं. ते विकता थोडंच येणार! ते पेंद्याचंच झालं, मरेपर्यंत.

तुळजा बसस्टँडवरची. तापट. तिला उंबरा ओलांडायला एक पावसाळा लागला आणि आत आल्यावर पहिल्याच दिवशी तिने गोदाबाईंच्या चुलीपुढची जागा घेतली. “दोघींचें भांडण लागे,” राव मामा म्हणाले. “तुळजेची बाजू मी घेतली तर गोदा दोन दिवस माझ्याशीं तमिळ बोले.” तुळजेचा वाडगा एकदा टपरीजवळून नाहीसा झाला. काही दिवसांनी एक तरुण राव मामांच्याच दुकानात जुनं पितळ मोडीत घालायला आला आणि पिशवीतून तोच वाडगा काढला. कुणाचा, असं विचारल्यावर म्हणाला, आजीचा, तिचंच नाव आहे वर. राव मामांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि अगदी प्रेमाने त्याला जवळ बसवलं. तुळजा तुझी आजी काय? मग तू माझा पणतू. ये रे कण्णा, कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. त्याला कॉफी पाजली, आजीचे पराक्रम सांगितले, तिचं शेपूट कसं होतं तेही सांगितलं. पोरगा घामाघूम होऊन गेला. नंतर येता-जाता टपरीपाशी थांबून तोच वाडग्यात पाणी घालू लागला.

तिसरा चिमणा. त्याच्या वाडग्यासाठी आम्ही टाऊन बसने दारासुरमला गेलो. रेशमाच्या मागांची गल्ली, दोन्हीकडून खटखट ऐकू येणारी, ओसरीवर रंगीत लडी वाळत घातलेल्या. इथे राव मामांचं बोलणं मंदावलं.

चिमणा होता एका एकट्या विणकऱ्याचा. अंगापिंडाने वासराएवढा. तो विणकर मेला, घराला कुलूप लागलं, आणि कुत्रं त्या कुलपाखाली बसून राहिलं. कुणी घातलं तरी खाईना. राव मामांना कळलं तसे ते गेले. तमिळ बोलून पाहिलं, नियम मोडून मराठीही बोलून पाहिलं. चिमणा त्यांच्याकडे बघेसुद्धा ना. मग शेजारणीने सांगितलं, अहो, ते विणकर पूर्वी गुजरातेतून आलेले, सौराष्ट्री बोलणारे. त्याने दुसरी भाषा ऐकलीच नाही. तेव्हा राव मामा त्या शेजारणीकडून चार शब्द शिकले, त्या वयात, ओसरीवर बसून, आणि त्या शब्दांनी त्याला घास भरवला. चिमणा घरी आला, खूप वर्षं राहिला, पण मराठी त्याला कधीच आली नाही. राव मामाच त्याच्याशी शेवटपर्यंत ते चार शब्द बोलत राहिले.

“मुकें जनावर म्हणतात,” ते वाडगा पालथा करून पाणी निथळवत म्हणाले. “मुकें नव्हे गे. ऐकणारें. आणि जें ऐकायचें तें थांबलें, म्हणजे त्यानें काय करावें?”

यमूबद्दल ते देवाजवळ काय मागतात, हे मला त्यानंतर कळलं. एका सकाळी खाली दूध द्यायला गेले. ते पूजेला बसले होते. समोर लहानसा विठोबा, बाजूला यमू पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. ते हात जोडून मोठ्याने म्हणत होते, “हिला माझ्या आधीं ने. एक दिवस आधीं तरी.”

ज्या कुत्रीला हे स्वतःच्या हाताने भात कुस्करून भरवतात, तिचं मरण मागतात! मला राग आला आणि तो लपला नाही.

“चिमण्याला पाहिलें नाहींस तूं,” ते शांतपणे म्हणाले. “ते अस्के दिवस, एकूणएक, मी पाहिले आहेत. ही माझी मराठी ऐकून जेवते. मी गेलों तर हिला कोण जेवूं घालील? मुलीच्या घरीं कुत्रें चालत नाहीं. तूं आज आहेस, उद्यां जाशील. मग ही कोणत्या कुलपाखालीं बसेल?”

यमू म्हातारी होती, तेही म्हातारे होते, आणि दोघांत कोण आधी, एवढाच त्या घरातला प्रश्न होता. तो प्रश्न राव मामा रोज सकाळी देवापुढे ठेवत आणि मग दुकान उघडायला जात.

त्या वर्षी उन्हाळ्यात राव मामांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना स्ट्रेचरवरून ते एकच सांगत होते: यमू, यमू. चेन्नईहून मुलगी येऊन त्यांच्याजवळ थांबली, आणि यमू माझ्या वाट्याला आली. मी भात कालवला, दही घातलं, वाडगा पुढे सरकवला, भीत भीत हाक मारली. “यमू, खाऊन घे ना गं. प्लीज.” माझ्या मराठीला तिने भीक घातली नाही. ती उंबऱ्यावर बसली, दाराकडे तोंड करून. संध्याकाळ झाली, भात सुकला, ती हलली नाही. मला दारासुरमचं ते कुलूप दिसू लागलं आणि मी रडकुंडीला आले.

समोर रस्त्यापलीकडे वसंता फुलं विकायची. वर्षानुवर्षं त्याच जागी, मोगऱ्याच्या टोपलीमागे. मराठीचं एक अक्षर तिच्या घरात कधी बोललं गेलेलं नाही. तिने गजरा गुंफता गुंफता हे सगळं पाहिलं, हात पुसले, रस्ता ओलांडून आली, उकिडवी बसली आणि तोंडभर तमिळ हेल काढून म्हणाली:

“काय गे बाई, जेव गे. जेवलीस तर देव बघेल. जेव माझी आई, जेव.”

यमूचा फाटका कान हलला. ती उठली, वाडग्यापाशी आली आणि जेवू लागली.

तुला मराठी येतं? मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं.

मराठी? वसंता हसली. मराठी कुठलं ताई, ही तर नाय-पाषै! म्हणजे कुत्र्यांची भाषा. रायरांचं ऐकून ऐकून गल्लीत सगळ्यांनाच थोडी येते. माझी सून दूधवाल्याच्या कुत्र्याला ‘बैस गे’ म्हणते, कोपऱ्यावरची पोरं ‘हें काय रे’ म्हणतात. तुम्ही आणि रायर आपसात कुत्र्यांची भाषा का बोलता, हेच आम्हाला कळत नाही. पण शिकलेली माणसं, म्हटलं असेल काहीतरी.

हे दवाखान्यात सांगावं की नाही, मला कळेना. तीन शतकं जपलेली भाषा. राजांची, कीर्तनांची, घरच्या देवाची भाषा. तिचं गल्लीत हे झालंय, हे त्या आजारी माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण यमू कशी जेवली हे त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, दुखावले.

मग त्यांचं पोट हलू लागलं. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि नर्स धावत आली. “अय्यो,” ते म्हणाले, “तंजावरच्या राजांची भाषा गे! राखली कोणीं? कुत्र्यांनीं!”

ते घरी आले. सकाळच्या पूजेत ती मागणी मला पुन्हा ऐकू आली नाही. मी मुद्दाम जिन्यावर थांबून ऐकत असे.

पण देवाने आधीचं ऐकून ठेवलं होतं. मार्गशीर्षात, गल्लीत घरोघरी मोठमोठ्या रांगोळ्या पडलेल्या असताना, एका सकाळी यमू तिण्णैवरच्या उन्हात झोपली आणि उठली नाही. राव मामा तिच्या डोक्यापाशी बसून होते. वसंताने टोपलीतली सगळी फुलं आणून तिच्यावर ओतली. कावेरीच्या घाटावर, जिथे पुरातून ती त्यांना सापडली होती, तिथे तिचा वाडगा ठेवून आम्ही परतलो. वाटेत ते म्हणाले, “मागितलें तें दिलें त्यानें. मागायला नको होतें.” मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

मग ते घर मुकं झालं. मराठीचा झरा आटला. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. एकदा स्वयंपाकघरात ते स्वतःशीच पुटपुटत होते, आणि ते तमिळ होतं. त्याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं यमू गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. आता कुत्रं नको, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. या वयात नाही. रविवारी मात्र चिंच घेऊन ते जात. आता त्यात घाटाची पायरी वाढली होती.

माझं काम संपलं. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि मी बॅगा घेऊन खाली आले. राव मामा तिण्णैवर बसले होते. रस्त्याच्या कडेला एक कुत्री उभी होती, खरजेने केस गेलेली, बरगड्या निघालेली. ते तिच्यावर तमिळमध्ये खेकसत होते: पो, पो! जा इथून! आणि पलीकडून वसंता मोगऱ्यातून मान वर न काढता हेल काढत होती, “ये गे बाई, आंत ये.”

“ऐक तिचें,” राव मामा माझ्याकडे वळून चिडून म्हणाले. “कायदा म्हणून कांहीं नाहीं. उंबरा ओलांडल्यावांचून कोणी मराठी बोलतें काय?”

मी वाकून नमस्कार केला. उठताना त्यांच्या मांडीवर वेष्टीआड दडवलेलं काहीतरी चमकलं. मी सोगा बाजूला केला. नवा कोरा वाडगा होता. काठावर ठिपक्यांनी एकच अक्षर कोरलेलं, ‘कृ.’, आणि त्यापुढे मोकळी जागा.

“मामा, हे काय? तुमच्यामागे हिचं कोण, हा प्रश्न होता ना?”

ते जरा ओशाळले. मग हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. “ती आहे कीं. तिची मराठी तुझ्याहून बरी.”

“आणि नाव?”

“नांवाची घाई काय आहे?” ते म्हणाले. “हिला अजून मराठी येत नाहीं.”

रिक्षा वळणावर थांबली तेव्हा मी मागे पाहिलं. राव मामांनी वाडगा खाली ठेवला होता आणि ते पुढे वाकून काहीतरी बोलत होते. तमिळ की मराठी, ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. कुत्रीने पुढचा एक पाय पायरीवर ठेवला होता.